वजनकाट्यावरची वाळू

४ तारीख, मंगळवार

वजन ७६.४. पाणी पाच पेले. पायांना सूज. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातून सोडताना सांगितलं, आजी, रोज सकाळी काही खायच्या आधी मुलाचं वजन करा आणि वहीत लिहा. दोन दिवसांत दीड किलो वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे, लगेच फोन करा. त्याचं हृदय दमलंय, अंगातलं पाणी उपसत नाही. मीठ बंद, पाणी मोजून, जिना चढायचा नाही. मी म्हटलं, सून शिकलेली आहे, हे तिला सांगा. तर म्हणतात, "सूनबाई रडतात. तुम्ही रडत नाही. तुम्हीच लिहा." घ्या. न रडल्याबद्दल मला हे बक्षीस.

वही नातीने घेतली. ती परगावी शिकते, बापाला घरी पोचवून परत गेली. जाड वही, दोनशे पानी. म्हणाली, "आजी, आकडे लिहून झाले की उरलेल्या पानावर मनातलं लिही." माझ्या मनात येतं ते तोंडातून बाहेर पडतं, वहीपर्यंत शिल्लक कुठे राहतं? पण कोरं पान सोडवत नाही. तिसरीत शाळा सुटली तेव्हा पाटीचा अर्धा भाग कोरा होता, तो अजून डोळ्यासमोर आहे.

मुलाला सगळं जग लांबू म्हणतं, मीही म्हणते. एक्कावन्न वर्षांचा आहे आणि दारातून वाकून आत येतो. सध्या वाकायची गरज पडत नाही, कारण झोपूनच आहे.

५ तारीख, बुधवार

वजन ७६.२. पाणी पाच पेले. सहाव्यासाठी भांडला.

लांबूचा पलंग खालच्या मालाच्या खोलीत लावलाय. त्या खोलीची आणि कारखान्याची भिंत एकच. कारखाना म्हणायचा आपला, आहे एक लांबट पत्र्याची शेड. आम्ही लाकडाच्या शिड्या करतो. ह्यांनी सुरू केलं, ह्यांच्या मागे लांबूने चालवलं. पूर्वी चार कारागीर होते, आता मिस्त्री एकटाच उरलाय. तो ह्यांचा मित्र, मला वहिनी म्हणतो. त्याच्या गुडघ्यातलं वंगण संपलंय. लोक हल्ली अल्युमिनियमच्या शिड्या घेतात. हलक्या असतात, पावसात कुजत नाहीत, आणि माणूस पडला की त्याच्याबरोबर वाजतातही छान.

जिन्यातला दिवा गेला. सूनबाईने नवा दिवा आणला, स्टूल मांडलं, स्टुलाकडे बघितलं आणि घामाघूम झाली. तिला उंचीची भीती. लग्नाला तेवीस वर्षं झाली, शिड्यांच्या घरात नांदते, आणि आजपर्यंत दुसऱ्या पायरीवर पाय ठेवलेला नाही. माळ्यावरचं काही काढायचं तर लांबूला हाक. आता लांबू पडलाय. मी चढले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई वर आणि बेचाळीस वर्षांची खाली स्टूल धरून, "आई, सांभाळा, आई, सांभाळा." मी म्हटलं, तू डोळे मीट, मी पडले तर आवाजावरून कळेल.

८ तारीख, शनिवार

वजन ७६. पाणी साडेचार.

बागवाला आला होता. त्याच्या फळबागेला पंधरा वर्षं आमच्याच शिड्या जातात. यंदा नव्या चाळीस सांगितल्यात. माणूस वाईट नाही, पण आजाऱ्याच्या खोलीतही शेताच्या बांधावरून बोलल्यासारखा बोलतो.

"चाळीसच्या चाळीस रांगेत उभ्या दिसल्या की! मग अडलंय कुठे?"

"उभ्या आहेत," लांबू म्हणाला. "चढलेल्या नाहीत."

"माझी माणसं चढतील ना! त्यासाठीच घेतोय मी."

"तेच म्हणतोय. तुमच्या माणसांनी पहिल्यांदा चढायला नको."

आमच्याकडची रीत अशी. शिडी तयार झाली की मालकाने स्वतः सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत चढायचं, तिथे उभं राहून दोनदा दणका द्यायचा, खाली यायचं, आणि वरच्या पायरीच्या पोटाला लाल रंगाचा अंगठा उठवायचा. मग ती विकायची. कारागिराने चढून चालत नाही, नोकराने तर नाहीच. ज्या घराची चूल शिड्यांवर पेटते त्या घरातल्या माणसानेच चढायचं, असं हे म्हणायचे. लोक अंगठा बघून शिडी घेतात.

बागवाला उठता उठता म्हणाला, "झाडावरची फळं तुमच्या अंगठ्यासाठी थांबायची नाहीत, लांबूशेठ. एकोणतीसला ट्रक आणतो. भरला तर भरला. नाहीतर अल्युमिनियम. आणि एकदा तिकडे गेलो की या दारात परत यायचं मला काही कारण उरणार नाही."

तो गेल्यावर मिस्त्री चहा प्यायला बसला आणि प्यायलाच नाही. यंदा याच्याशिवाय दुसरं मोठं काम नाही. हे गेलं तर शेडला कुलूप, हे त्याने बोलून दाखवलं नाही. मलाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

९ तारीख, रविवार

वजन ७६.१. पाणी पाच.

आज मी एक उद्योग केला. लाल रंगाचा डबा घेऊन लांबूच्या पलंगाशी गेले. म्हटलं, मिस्त्री एकेक शिडी खिडकीतून आत सरकवेल. तू पडल्या पडल्या अंगठा लाव. चाळीस वेळा अंगठा हलवल्याने काही हृदय बंद पडत नाही.

"डबा ठेव जागेवर, आई."

"कोण बघतंय?"

"जो वर चढेल तो बघेल. अंगठा दिसला की माणूस खाली बघत नाही. निर्धास्त चढतो. तो निर्धास्तपणा मी पलंगावर झोपून कसा देऊ?"

एवढं बोलला आणि धाप लागली. उशा नीट करून द्याव्या लागल्या. मी चिडून डबा परत ठेवला. आजारी माणसाने इतकं शहाणं असू नये, धडधाकट माणसाला बोलायला जागा राहत नाही.

सून दारात उभी राहून सगळं ऐकत होती. एका शब्दाने बोलली नाही. तिचं हे असंच, मुकी गाय.

१० तारीख, सोमवार

वजन ७६.१.

कालचं डोक्यातून जात नाही, तेव्हा लिहूनच टाकते. नातीला अक्षर लागलं तर लागलं.

ती रीत कुठून आली हे लांबूला अर्धंच माहीत आहे. त्याला वाटतं बापाला सुचली. तेव्हा लांबू दोन वर्षांचा होता. हे लाकूड आणायला गेले होते. एक रंगारी आला, घाईत होता, दारात नुकतीच झालेली शिडी होती. हे असते तर म्हणाले असते, दोन दिवस थांबा, पाचरी बसू द्या. मी म्हटलं, घेऊन जा. मलाही घाई होती, पोरगं रडत होतं. चौथ्या दिवशी नववी पायरी निसटली. रंगाऱ्याचा पाय कमरेपासून गेला तो कायमचा.

हे वर्षभर दर आठवड्याला त्याच्या घरी जात होते. चूक माझी, असं त्याला सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं. मला घरात एका शब्दाने विचारलं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक शिडी चढायला लागले. अंगठा बघून मी हसले होते. मला सही शिकवणारा माणूस स्वतः अंगठे उठवतो म्हणून. ते म्हणाले, पायरीवर सहीला जागा पुरत नाही. बास, एवढंच.

चाळीस वर्षं त्या माणसाने माझी चूक रोज पायरी पायरी चढून उतरवली, आणि काल मीच डबा घेऊन गेले.

१३ तारीख, गुरुवार

वजन ७५.९. पाणी पाच.

वजनकाटा चोरीला गेला होता. म्हणजे काल दुपारी जागेवर नव्हता, संध्याकाळी होता. काचेचा नवा काटा, डॉक्टरीणबाईंनी घ्यायला लावलेला. सूनबाईला विचारलं. "इथेच तर होता, आई." मी म्हटलं, मग माझेच डोळे फिरायला गेले असतील.

आज सकाळी वजनाआधी पुसायला घेतला तर काचेच्या कडेला वाळू. घरात वाळू कुठून आली?

१५ तारीख, शनिवार

वजन ७७.८!!

फोन केला. डॉक्टरीणबाईंनी गोळी वाढवली आणि विचारलं, खाण्यात मीठ गेलं का. मी म्हटलं माझ्या हातचं खाऊन मीठ नावाचा पदार्थ जगात आहे हे तो विसरलाय. फोन ठेवला आणि झडती घेतली. गादीखाली काही नाही. उशीच्या खोळीत खाऱ्या दाण्यांची पुडी.

"कोणी दिले?"

"आई, मी एक्कावन्न वर्षांचा आहे."

"ते मला माहीत आहे, मी तिथे होते. दाणे कोणी दिले?"

मिस्त्री. दुसरं कोण? त्याला शेडमध्ये जाऊन असं झाडलं की रंध्याच्या ढलप्या उडाल्या. तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, तो म्हणाला जगायला काहीतरी चव पाहिजे." मी म्हटलं, चव पाहिजे तर मला बोलवा, मी दोन शब्द सुनावते.

शेडमध्ये आणखी एक दिसलं. आगीसाठी भिंतीवर वाळूच्या बादल्या टांगलेल्या असतात, लाकडाचा कारखाना म्हणून. त्यातल्या दोन अर्ध्या झाल्यात. मांजराचं काम असणार. मिस्त्रीला सांगितलं, भरून ठेव. तो नको तितक्या जोरात "हो हो" म्हणाला.

१८ तारीख, मंगळवार

वजन ७५.८. सूज उतरतेय. पाणी पाच.

मला आता कळलंय काय चाललंय ते.

वजनकाटा रोज दुपारी जातो. मी जेवून वर जाऊन पडते तेवढ्यात. खाली येते तेव्हा सूनबाई शेडमधून येत असते. उजव्या कानाने मला ऐकू येत नाही आणि डाव्या कुशीवर झोपायची सवय, त्यामुळे घर उचलून नेलं तरी कळायचं नाही. काल सूनबाई फाटकाशी भंगारवाल्याशी बोलत होती. कुजबुजत. मला बघून गप्प. रोज काटा, रोज शेड, आणि वर भंगारवाला. म्हणजे शेडमधलं लोखंड, बिजागऱ्या, पंचावन्न वर्षं जमवलेले स्क्रूचे डबे, सगळं ही वजन करून फुंकायला निघालीय. नवरा अजून श्वास घेतोय आणि बाई आवराआवरीला लागली.

तिला दोषही देता येत नाही. शिकलेली आहे, तिला पुढचं दिसतं. मला दिसत नाही म्हणून मी रागावते. पण निदान सांगावं तरी. तेवीस वर्षं मी तिला बोलले, ती ऐकत आली. एकदा तिनेही बोलून दाखवावं.

खांद्यावर तिच्या निळं पडलंय. मान धुताना दिसलं. म्हणाली, झोपेत ह्यांचा कोपर लागला. तो खाली झोपतो, ही वर झोपते. कोपर भलताच लांब दिसतो.

लांबूचंही काहीतरी बिघडलंय. दुपारी झोपत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो, हात भिंतीला लावलेला, आणि ओठ हलत असतात. सूनबाईला सांगितलं, गोळ्यांनी याचं डोकं तर नाही ना फिरलं? भिंतीशी बोलतो.

२० तारीख, गुरुवार

वजन ७५.५.

डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. वही बघितली. म्हणाल्या, "आजी, अशी नोंद माझ्या नर्सही ठेवत नाहीत. बाजूला जे लिहिता ते मी वाचत नाही हं." आणि हसल्या. म्हणजे वाचलं.

दुपारी झोपत नाही असं मी सांगितलं. त्यांनी लांबूला विचारलं, "काय होतं दुपारी?" तो म्हणाला, "काही नाही, मिस्त्री ठोकाठोक करतो." त्या म्हणाल्या, थांबवायला सांगू का? "नको नको," असा ओरडला की आम्ही दोघी दचकलो. "सवय आहे मला. ते ऐकलं की बरं वाटतं."

मिस्त्री काय ठोकतो रोज? चाळीसही शिड्या तर कधीच्या झाल्यात.

२२ तारीख, शनिवार

वजन ७५.५. पाणी मोजायचं राहिलं. माझी चूक.

आज मी वर गेले आणि झोपले नाही. पंधरा मिनिटं थांबून चपला हातात घेऊन खाली आले. ठरवलं होतं, रंगेहाथ पकडायचं, भंगारवाल्यासकट.

शेडचं दार लोटलेलं होतं. फटीतून बघितलं.

सूनबाई वजनकाट्यावर उभी होती. लांबूची जुनी विजार घातलेली, खाली दुमडून दुमडून. खाली बघून मिस्त्रीला म्हणाली, "त्रेपन्न दाखवतोय. काल चौपन्न होतं. एक किलो वाळू वाढवा." मिस्त्री म्हणाला, "वहिनीला सांगून जरा जेवत जा, पोरी. तू उतरत जाशील तशी वाळू चढवत जायची, हा काय हिशोब?" ती म्हणाली, "ह्यांचं दुखण्याआधी अठ्ठ्याहत्तर होतं. ते अठ्ठ्याहत्तर भरलंच पाहिजे."

कॅनव्हासच्या दोन पिशव्या. तशा पिशव्या मी भंगारवाल्याच्या गाडीवर बघितल्या होत्या. पिशव्या खांद्यांवरून टाकून ह्यांच्या जुन्या पट्ट्याने छातीशी करकचून बांधल्या. भिंतीला शिडी लावलेली. मिस्त्रीने खालून पाया धरला.

आणि ती चढली.

स्टुलावर घाम फुटणारी बाई. पंचवीस किलो अंगावर. एका पायरीवर दोन्ही पाय आणायची, मग पुढची. तोंडाने मोजत होती. वर पोचली तेव्हा डोळे मिटलेले आणि रंग उडालेला. बराच वेळ नुसती उभी. मला वाटलं आता सुटते. हाक तोंडात आली होती. तोंडावर हात दाबून धरला, कारण माझ्या हाकेनेच ती पडली असती. मग तिने दोनदा दणका दिला. अख्खी भिंत हलली. खाली आली, पिशव्यांसकट कोपऱ्यात गेली, भुशात ओकली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुढची."

मिस्त्रीने पेन्सिलने शिडीवर खूण केली. अंगठा नाही. रंगाचा डबा तिथेच होता, पण बंद.

मी दाराआड तीन शिड्या होईपर्यंत उभी होते. मग चपला हातात घेऊन वर गेले आणि झोपल्याचं सोंग केलं. तेवीस वर्षं मी या बाईला मुकी गाय म्हणतेय.

२३ तारीख, रविवार

वजन ७५.३. पाणी पाच.

काही बोलले नाही. बोलले असते तर तिला लाज वाटली असती आणि मला त्याहून जास्त. सकाळी तिच्या ताटात दोन अंडी जास्त ठेवली. तिने अंड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मला नकोत, आई."

"खा. टाकायला ठेवलेली नाहीत."

नातीचा फोन आला. म्हणाली, आजी, आवाज असा का येतोय तुझा? मी म्हटलं, फोन खराब आहे.

२५ तारीख, मंगळवार

वजन ७५.२.

दुपारी वरपर्यंत आवाज आला. मी आता उजव्या कुशीवर झोपते. उठून जिन्यात येईपर्यंत सूनबाईचा आवाज ऐकू आला, मिस्त्रीला काहीतरी तिखट बोलत होती, म्हणून तिथेच थांबले. बोलतेय म्हणजे जिवंत आहे.

संध्याकाळी लंगडत आली. नडगी सोललेली.

"काय झालं?"

"दारात घसरले."

"हो. दारं हल्ली फार घसरडी झालीत." गरम पाणी आणलं, जखम धुतली, पट्टी बांधली. पट्टी बांधताना तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला कळलं की मला कळलंय. मी गाठ जरा जास्तच घट्ट मारली.

पायरीत आतून गाठ होती, असं मिस्त्री मला नंतर म्हणाला. लाकडातली गाठ, वरून दिसत नाही. तिसऱ्या पायरीला मोडली म्हणून बरं. बागेत कोणीतरी तेराव्या पायरीवर असता.

२९ तारीख, शनिवार

वजन ७५. पाणी पाच. सूज फक्त घोट्याला.

ट्रक सकाळी साडेनऊला आला. बागवाला खाली उतरला आणि थेट लांबूच्या खिडकीशी. "काय मग, अल्युमिनियम का लाकूड?"

लांबू म्हणाला, "येतो बाहेर." डॉक्टरीणबाईंनी घरातल्या घरात चालायची परवानगी दिलीय, अंगणाची नाही. मी तोंड उघडलं तर म्हणाला, "आई, आज नाही." भिंतीला हात लावत लावत शेडपर्यंत गेला आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसला. शिड्या रांगेत उभ्या होत्या. चार बाजूला काढून ठेवलेल्या. सून त्यांच्या पुढे उभी, हातात रंगाचा डबा. रात्रभर तिने काय सांगायचं ते ठरवलं असणार. सगळं विसरली.

लांबूने रांगेकडे बघितलंही नाही. म्हणाला, "छत्तीस भरा."

सून दचकली. "तुम्हाला कोणी सांगितलं छत्तीस?"

"भिंतीने." मग जरा श्वास घेतला आणि म्हणाला, "रोज दुपारी. आधी पाय वर जाताना ऐकू यायचे, सावकाश, एका पायरीवर दोनदा. मग काहीच नाही. तेव्हा मीही श्वास धरून पडायचो. मग दोन दणके. मिस्त्रीचा गुडघा मला माहीत आहे, तो मिस्त्री नव्हता. छत्तीस वाजल्या. तीन करकरून अर्ध्यातच थांबल्या. एक मंगळवारी मोडली. तेव्हा मी उठून बसलो होतो. पण तू लगेच मिस्त्रीला म्हाताऱ्या म्हणालीस, म्हणून परत पडलो."

मिस्त्री म्हणाला, "म्हाताऱ्याच्या पुढेही एक शब्द होता."

मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे माहीत होतं तर बोलला का नाहीस? तीन आठवडे पोरगी ओकतेय तिथे भुशात!"

लांबू माझ्याशी बोलला, पण बघत तिच्याकडे होता. "बोललो असतो, तर तिने खाली बघितलं असतं."

मग ती रडली. दवाखान्यात रडायची तसं नाही, मोठ्याने, नाक वाहीपर्यंत. बागवाला ट्रकच्या टायरमध्ये हवा किती आहे ते फार बारकाईने बघायला लागला.

तिने डबा लांबूपुढे धरला. "लावा अंगठा."

त्याने हात पाठीमागे घेतला. "मी चढलो नाही."

"मालक तुम्ही आहात."

"चढला त्याचा अंगठा. आणि घरच्याच माणसाने चढायचं, ते झालंय. लाव तू. माणसं खोळंबलीत."

छत्तीस शिड्या. तिने एकेक वरची पायरी खाली करून अंगठा उठवला. तिचा अंगठा लांबूच्या निम्मा. शेवटचे दहाबारा ठसे अगदी स्वच्छ उठले. बागवाल्याने एक शिडी उलटी करून बघितली.

"या खेपेला अंगठा लहान दिसतोय."

मी म्हटलं, "वजन बघायचंय का? काटा आत आहे."

त्याने शिडी ट्रकमध्ये चढवली. जाताना लांबूला नाही, तिला म्हणाला, "उरलेल्या चार पुढच्या महिन्यात न्यायला येतो. आणि माझ्या भावाच्या बागेला वीस लागतील. त्यालाही हाच अंगठा लावा."

३० तारीख, रविवार

वजन ७५.१. कालच्या चालण्याने बिघडलं नाही. डॉक्टरीणबाईंना सांगितलं नाही, इथे लिहिलंय, वाचतीलच.

दुपारी सूनबाई भांडी पुसत होती. मी रंगाऱ्याची गोष्ट तिला सांगितली. शिडी मी दिली होती, ह्यांनी नव्हे. हे बोलायला मला एकोणपन्नास वर्षं लागली आणि बोलून व्हायला दोन मिनिटं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या आई, किती जुनं झालं. ते म्हणाली असती तर मला तिचा राग आला असता.

तिने हातातलं भांडं पुसून ठेवलं. म्हणाली, "उद्यापासून दुपारी शेडमध्ये याल का? मिस्त्रींना पाया धरून फार वेळ उभं राहवत नाही."

६ तारीख, शनिवार

वजन ७४.८. पाणी पाच पेले. सूज नाही.

मोडलेलीच्या जागी नवी शिडी झाली. मी खालच्या पायरीवर बसते, शिडी सरकू नये म्हणून. माझं वजन एकोणसाठ आहे, इतक्या वर्षांनी कुठेतरी कामी आलं. सूनबाई माझ्या डोक्यावरून वर जाते. अजून पांढरी पडते, अजून वर गेल्यावर थांबते. परवा ओकली नाही. वरून म्हणाली, "आई, काहीतरी बोला." मी म्हटलं, काय बोलू? "काहीही. रोज बोलता तसं." मग मी मिस्त्रीच्या खाऱ्या दाण्यांपासून सुरुवात केली. दोन दणके बसेपर्यंत माझं निम्मंही बोलून झालं नव्हतं.

काटा आता शेडमध्येच ठेवलाय, रोजची नेआण नको. त्यामुळे सकाळी वजनाला लांबूलाच तिथे जावं लागतं. डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या, सावकाश, थांबत थांबत. पलंगापासून काट्यापर्यंत एकवीस पावलं आहेत, मी मोजलीत. काल वाटेत दोनदा थांबला होता. आज एकदाच.

काट्यावर उभा राहिला, आकडा सांगितला, मी लिहून घेतला. मग एक पाय उचलून तळवा झाडत म्हणाला, "आई, वाळू टोचते."

म्हटलं, टोचू दे.